टाचदुखी, सुकतळा आणि शहाबादी फरशी : अहमदपूर तालुक्यातील प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी २०२४

संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी बचत गटातल्या बायका एकत्र येणार होत्या, म्हणून प्रकल्पाची पहिली बैठक आजच ठेवली. गेल्या वर्षभरात माझ्या फिजिओथेरपी केंद्रात टाचदुखी घेऊन आलेल्यांपैकी बऱ्याच जणी याच गावच्या आणि शेजारच्या वस्तीवरच्या होत्या. अहमदपूरला यायचे म्हणजे अर्धा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते, त्यामुळे एकदा येऊन पुन्हा न आलेल्याही पुष्कळ होत्या. त्यांना केंद्रावर बोलावण्याऐवजी आपणच गावात जावे, इथल्याच कारागिराकडून सुकतळे, म्हणजे चपलेच्या आत घालायचे तळ, करून घ्यावेत, व्यायाम शिकवावेत आणि दर पंधरवड्याला तपासणी करावी, एवढीच या प्रकल्पाची मांडणी आहे.

२२ जणींनी नावे दिली. बहुतेकींचे वय चाळीस ते साठच्या दरम्यान आहे आणि दुखण्याचे वर्णन जवळजवळ एकच आहे: झोपेतून उठून पहिले पाऊल टेकले की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते, दहावीस पावले चालल्यावर ती ओसरते, आणि दिवसभर उभ्याने कामे झाली की संध्याकाळी पुन्हा सुरू होते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळपायातून एक चिवट पट्टा जातो, त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. पायाची कमान तोलून धरण्याचे मोठे काम त्याच्याकडे असते. १९५४ मध्ये हिक्स या संशोधकाने दाखवून दिले की, चालताना टाच उचलली जाऊन बोटे मागे वळतात तेव्हा हा पट्टा विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळावा तसा चवड्यावर ताणला जातो आणि कमान वर उचलली जाते. हा ताण दिवसातून हजारो वेळा टाचेच्या आतल्या बाजूला, जिथे पट्टा हाडाला चिकटतो तिथे, येऊन पडतो. अंगठा मागे वळवून त्या जागी बोटाने दाबले की यातल्या बहुतेकींनी पाय झटकन मागे घेतला.

जवळपास प्रत्येकीने पिशवीतून एक्स-रे काढून दाखवला आणि "हाड वाढलंय" असे सांगितले. या दोन शब्दांनी बायकांचे फार नुकसान केले आहे असे माझे स्पष्ट मत झाले आहे. एक्स-रेमध्ये टाचेला दिसणारे ते टोक कधीही न दुखणाऱ्या कितीतरी टाचांमध्येही असते, आणि टाच पूर्ण बरी झाल्यावरही ते तिथेच राहते. तरीही ते हाड आपल्याला आतून टोचते आहे अशी समजूत झाली की बाई व्यायामाला हात घालत नाही, कारण हाड काही व्यायामाने कमी होणार नाही हे तिला ठाऊक असते. आज मी निम्मा वेळ याच एका गोष्टीवर घालवला आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही.

तिघींना प्रकल्पातून वेगळे काढून पुढे पाठवले. एकीच्या दोन्ही तळपायांना आग आणि मुंग्या होत्या, पायाची संवेदना तपासायच्या, दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणाऱ्या नायलॉन दोऱ्याचा स्पर्श तिला कळत नव्हता आणि साखर किती आहे हे तिने दोन वर्षांत पाहिलेले नव्हते. दुसरी अवघी सव्वीस वर्षांची असून तिच्या दोन्ही टाचा दुखतात, आणि सकाळी कंबर तासभर आखडलेली असते. अशा वेळी टाचेचे दुखणे मणक्याच्या वाताचे लक्षण असू शकते. तिसरीची टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली तेव्हा ती कळवळली. तिथे हाडाला बारीक तडा गेला असण्याची शंका येते, आणि ती शंका फिटेपर्यंत सुकतळा देणे बरोबर नाही. उरलेल्या १९ पैकी चौघींना टाचेच्या मधोमध, ठेच लागल्यासारखे दुखते आणि सकाळच्या पहिल्या पावलाशी त्याचा फारसा संबंध नाही. त्यांच्या टाचेखालची चरबीची गादी झिजलेली आहे, असे धरून त्यांची नोंद वेगळी ठेवली.

२७ जानेवारी २०२४

बसस्थानकाजवळ बसणाऱ्या चर्मकार काकांची भेट घेतली. मी "इनसोल" म्हणत होते आणि ते "सुकतळा" म्हणत होते. प्रकल्पाच्या कागदावर आता तोच शब्द राहील, कारण बायकांनाही तो लगेच कळला.

बाजारात मिळणारा मऊ फोम मी सोबत नेला होता. काकांनी तो अंगठ्याने दाबून परत दिला आणि म्हणाले, "हे आठ दिवसात पापड होतंय बघा मॅडम." त्यांचे म्हणणे खरे आहे: फार मऊ वस्तू हाताला सुखावते, पण शरीराचे वजन आले की पूर्ण दबते आणि टाच पुन्हा कठीण तळावरच टेकते. त्यामुळे आम्ही एमसीआर, म्हणजे बारीक बुडबुड्यांचे रबर, निवडले. भारतात कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांच्या पुढाकाराने ज्या चपला तयार झाल्या, त्यांत हेच रबर वापरले गेले आणि आज मधुमेहींच्या चपलांतही तेच असते. ते दबते आणि पुन्हा उठते, आणि हाच त्याचा गुण आहे.

पहिला नमुना असा ठरला: टाचेखाली आठ मिलिमीटर, चवड्याकडे उतरत जाऊन तीन मिलिमीटर, टाचेभोवती वाटीसारखी कड, म्हणजे चरबीची गादी बाजूला न पसरता हाडाखालीच राहील, आणि कमानीखाली थोडा उठाव. टाच किंचित उंच राहिली की पोटरीची ओढ कमी होते आणि त्यामुळे पट्ट्यावरचा ताणही हलका होतो. उठाव किती द्यावा यावर आमचा बराच वेळ गेला. शेवटी तो इतकाच ठेवला की बाई उभी राहिल्यावर तो जाणवेल, पण बोचणार नाही.

प्रत्येकीच्या पायाचा साचा घेऊन महागडा सुकतळा करावा का, हा प्रश्न मला सुरुवातीपासून होता. १९९९ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत पोटरी ताणण्याच्या व्यायामासोबत तयार, स्वस्त सुकतळे दिलेल्यांना आठ आठवड्यांत खास मापाचे सुकतळे दिलेल्यांपेक्षा जास्त आराम पडला होता. २००६ मधल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत सुकतळ्याचा थोडा फायदा तीन महिन्यांपर्यंत दिसला, आणि वर्षअखेरीस तयार, मापाचे व नावापुरते असे तिन्ही प्रकार सारखेच ठरले. त्यामुळे पायाची लांबी-रुंदी कागदावर आखून घ्यायची आणि चार मापांत सुकतळे कापायचे असे ठरले. ज्याचा फायदा सिद्ध झालेला नाही त्यासाठी मजुरी करणाऱ्या बाईचे दोन-तीन हजार रुपये घालवणे मला मान्य नाही.

११ फेब्रुवारी २०२४

पंधरा दिवसांनी तपासणी केली आणि निकाल निराशाजनक आला. १९ पैकी फक्त चौघींना थोडा फरक वाटतो आहे. पहिल्या पावलाची कळ शून्य ते दहा या पट्टीवर मोजून घेतो, ती बाकीच्यांची जिथल्या तिथे आहे. नमुना चुकला असावा, या समजुतीने मी सुकतळे परत मागवले. ते हातात आल्यावर लक्षात आले की बहुतेक सुकतळे नवेकोरे आहेत. पंधरा दिवस टाचेखाली राहिलेल्या रबरावर जो खळगा पडायला हवा, तो त्यांच्यावर नाही. "वापरता का?" असे विचारले तर सगळ्याजणी हो म्हणाल्या, आणि त्या खोटे बोलत नव्हत्या.

त्यापैकी एका मावशींनी बोलता बोलता जे सांगितले ते मी वहीत त्यांच्याच शब्दांत लिहून घेतले: "रानात काही दुखत नाही बाई, घरातच दुखायलंय." शेतात दिवसभर वाकून काम करणारी बाई असे म्हणते, याचा अर्थ काय लावायचा ते मला त्या वेळी उमगले नाही. उद्या पहाटे त्यांच्या घरी जाऊन बसायचे ठरवले आहे.

१२ फेब्रुवारी २०२४

पहाटे पाच वाजता त्यांच्या घरी पोहोचले आणि दहापर्यंत थांबले. या पाच तासांत मावशी अंथरुणातून उठल्या, अंगण झाडले, सडा टाकला, चूल पेटवली, पाणी भरले, ज्वारीच्या भाकरी केल्या, डबे बांधले, भांडी घासली आणि धुणे धुतले. यातला एकही क्षण त्यांच्या पायात चप्पल नव्हती. घरात सगळीकडे शहाबादी फरशी आहे, स्वयंपाकाचा ओटा उभ्याने काम करण्याचा आहे आणि त्यापुढे त्या सलग दीड तास एकाच जागी उभ्या होत्या. त्यांचा सुकतळा बाहेर उंबरठ्याजवळच्या चपलेत, अगदी नीट बसवलेला होता. दहा वाजता शेताकडे निघाल्या तेव्हा तो पहिल्यांदा टाचेखाली आला, आणि बांधावर चप्पल काढून ठेवून मावशी अनवाणी रानात उतरल्या तेव्हा त्याचे त्या दिवसाचे काम संपले. मी घड्याळ पाहिले, तेव्हा सुकतळा फार तर वीस मिनिटे वापरात होता.

मग कालच्या वाक्याचा उलगडा झाला. नांगरलेली काळी माती पायाखाली दबते आणि टाचेला चहूबाजूंनी आधार देते. दगडी फरशी अजिबात दबत नाही, तिथे सगळे वजन टाचेच्या तळहाताएवढ्याही नसलेल्या जागेवर येते, आणि रात्रभर आखडलेला पट्टा पहिल्यांदा ताणला जातो तोही त्याच फरशीवर. बुटात सुकतळा घालून दिवसभर बूट वापरणाऱ्या लोकांवर झालेल्या चाचण्या मी वाचत होते, आणि माझ्यासमोरच्या बाईच्या पायात दिवसातला बहुतेक वेळ काहीच नसते ही साधी गोष्ट मी पंधरा दिवस पाहिली नाही. हा दोष सुकतळ्याचा नसून माझ्या मांडणीचा होता, अशी नोंद इथे मुद्दाम करून ठेवत आहे.

१६ फेब्रुवारी २०२४

आज रथसप्तमीला पुन्हा बैठक घेतली आणि घरात घालायची वेगळी चप्पल करावी असा प्रस्ताव मांडला. विरोध होणार हे गृहीतच होते. चूल, देवघर आणि धान्याची कोठी जिथे आहे तिथे पायताण चालत नाही, ही इथल्या घरांची रीत आहे. ती मोडायला सांगणे मला योग्य वाटत नाही आणि तो माझा अधिकारही नाही. बराच वेळ चर्चा होऊन बायकांनीच मार्ग काढला. घरातली चप्पल निळ्या रंगाची असावी, तिने उंबरठा ओलांडू नये, तिला चामडे अजिबात नसावे, ती रोज धुता यावी आणि देवघराशी ती काढून ठेवावी. पाच जणींच्या घरी एवढेही मान्य होणार नाही असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांच्यासाठी एमसीआरचाच दोन फूट लांब तुकडा गोणपाटाच्या खोळीत घालून ओट्यापुढे टाकायचे ठरले, आणि अंथरुणाशेजारी तसाच दुसरा तुकडा, म्हणजे पहाटेचे पहिले पाऊल तरी फरशीवर पडणार नाही.

काकांनी सुकतळा आणि चप्पल वेगळी न ठेवता अखंड तळ करून वर दोन पट्टे लावले, आणि मागे टाचेला धरणारा तिसरा पट्टा त्यांच्या मनाने जोडला. हा तिसरा पट्टा मला सुचला नव्हता. त्याच्यामुळे बोटांनी चप्पल पकडून चालण्याची सवय सुटते आणि तळपाय सैल राहतो.

२८ फेब्रुवारी २०२४

बारा दिवसांत चित्र बदलले आहे, चपलांच्या तळावर खळगे पडले आहेत आणि संध्याकाळचे दुखणे बहुतेकींचे उतरले आहे. सकाळची कळ मात्र अजून हट्टी आहे, आणि तिच्यासाठी व्यायामाशिवाय गत्यंतर नाही. चप्पल तळपायातल्या पट्ट्यावरचा भार कमी करते, त्याला बळकट करत नाही.

दोन व्यायाम निवडले. पहिला अंथरुणातच करायचा: दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून त्याच बाजूच्या हाताने पायाची बोटे नडगीकडे ओढायची, तळपायातला पट्टा तारेसारखा ताठ झाला की दहा आकडे मोजेपर्यंत धरायचे, असे दहा वेळा आणि दिवसातून तीनदा, आणि त्यातली पहिली खेप पाय जमिनीला लागण्यापूर्वी. २००३ मधील एका चाचणीत नुसती पोटरी ताणण्यापेक्षा हा व्यायाम सरस ठरला होता. इथे बायका जमिनीवर अंथरूण घालून झोपतात आणि उठताना चवड्यावर जोर देतात, म्हणजे पहिले पाऊल टाकण्याआधीच पट्टा जोरात ताणला जातो, त्यामुळे या खेपेचे महत्त्व इथे अधिक आहे.

दुसरा व्यायाम बळाचा आहे. पायरीच्या कडेवर चवडा ठेवायचा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी घालायची, तीन आकड्यांत टाच उचलायची, दोन आकडे थांबायचे आणि तीन आकड्यांत खाली आणायची. हे एका दिवसाआड करायचे आणि सोपे वाटू लागले की पाठीवर वजन वाढवायचे. डेन्मार्कमधील राथलेफ यांच्या चाचणीत पाठपिशवीत पुस्तके भरली होती, इथे मुलांच्या दप्तरात ज्वारी भरली. त्या चाचणीत तीन महिन्यांनंतर बळाचा व्यायाम करणारे ताणाचा व्यायाम करणाऱ्यांच्या पुढे होते, आणि वर्षअखेरीस दोन्ही गट बरोबरीला आले. थोडी लवकर सुटका होणे हेही काही कमी नाही, कारण या बायकांना जूनमध्ये पेरणी आहे.

पहिले दोन आठवडे व्यायामाने थोडे जास्त दुखेल हे आधीच सांगितले. ते सांगितले नाही तर व्यायाम तिसऱ्या दिवशी बंद पडतो, असा माझा अनुभव आहे.

१५ मार्च २०२४

घरगुती उपायांची नोंद घ्यायची राहून गेली होती, ती आज घेतली. तापलेल्या विटेवर रुईची पाने ठेवून टाच शेकणे हा उपाय जवळजवळ सगळ्यांनी केला आहे. शेकाने काही वेळ बरे वाटते आणि त्यात वावगे काही नाही, मात्र रुईचा चीक डोळ्यांना लागता कामा नये आणि मधुमेह असलेल्या बाईने वीट वापरूच नये, कारण बधिर पायाला चटका कळत नाही. बिब्ब्याचा डाग देण्याला मात्र मी ठाम नकार दिला. एकीच्या टाचेवर त्याने मोठा फोड आला होता, तो चिघळला, आणि ती तीन आठवडे एका पायावर लंगडत राहिल्यामुळे तिची दुसरी टाचही दुखू लागली. आयुर्वेदात टाचेच्या या दुखण्याला वातकंटक असे नाव आहे. काटा रुतल्याची जी भावना बायका सांगतात, ती त्या नावात नेमकी पकडलेली आहे.

दुसऱ्या एकीने वर्षभरात एका दवाखान्यात टाचेत तीन इंजेक्शने घेतली होती. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे चांगला आराम मिळतो, पण तो टिकत नाही, आणि वारंवार घेतल्यास पट्टा फाटण्याचा व टाचेची चरबी झिजण्याचा धोका असतो. २००३ मध्ये लेमाँट आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले पट्ट्याचे ५० नमुने तपासले, तेव्हा त्यांत दाह नव्हता, झीज होती. त्यामुळे नुसता दाह शमवणाऱ्या औषधावर फार काळ विसंबणे योग्य नाही. चौथे इंजेक्शन घेण्याआधी तीन महिने व्यायाम करून पाहा, एवढेच मी तिला सांगितले आणि तिने ते मानले.

१० एप्रिल २०२४

काल पाडवा झाला आणि उन्हाळ्याने चपलांची परीक्षा घेतली. धुतलेल्या चपला पत्र्यावर वाळत टाकल्याने सोल्युशन सुटले आणि सात जोड्यांचे थर वेगळे झाले. काकांनी कडेने शिवण घातली. चपला सावलीत वाळवाव्यात असे सगळ्यांना सांगितले. टाचेखालचे रबर दोन महिन्यांत साधारण तिसऱ्या हिश्श्याने दबले आहे, म्हणून वजन जास्त असलेल्यांसाठी टाचेचा थर दहा मिलिमीटरचा केला. चरबीची गादी झिजलेल्या चौघींनी कमानीचा उठाव काढून मागितला. त्यांना त्याची गरजही नव्हती, आणि सगळ्यांना एकच नमुना देण्याची माझी ही दुसरी चूक दुरुस्त झाली.

८ मे २०२४

काल लातूर मतदारसंघात मतदान झाले. गटातल्या एका शिक्षिका ताई पहाटेपासून केंद्रावर होत्या, सकाळी सात ते संध्याकाळी सहा मतदान आणि त्याआधी-नंतरची कामे, बराचसा वेळ उभ्याने आणि पायात पातळ तळाची सँडल. सहा आठवडे न दुखलेली टाच आज सकाळी पुन्हा तितकीच दुखली आणि त्या रडकुंडीला आल्या. न ताणणाऱ्या चिकटपट्टीने तळपाय बांधून दिला, चार दिवस वजनाचा व्यायाम थांबवला आणि ताणाचा तसाच चालू ठेवला. दुखणे उलटले म्हणजे आधीची मेहनत वाया गेली असे नसते, आणि हे त्यांना पटवून देणे आज चिकटपट्टीपेक्षा गरजेचे होते.

६ जून २०२४

पेरणीआधीची शेवटची तपासणी. १९ पैकी ११ जणींची सकाळची कळ गेली आहे किंवा पट्टीवर एकच्या खाली आहे, पाच जणींची निम्म्यावर आली आहे आणि तिघींना फरक नाही. शिक्षिका ताई त्या ११ मध्ये आहेत. फरक नसलेल्या तिघींना लातूरला अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवत आहे. त्यांच्यासाठी शॉकवेव्ह, म्हणजे दुखऱ्या जागी यंत्राने दाबलहरींचे धक्के देण्याच्या, उपचाराचा विचार करता येईल. या यशातला चपलेचा वाटा किती, व्यायामाचा किती आणि निव्वळ काळाचा किती, हे आमच्या कामातून सांगता येणार नाही, कारण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि ही टाचदुखी बहुतेकांची वर्षभरात साध्या उपचारांनी बरी होतेच. मी खात्रीने एवढेच नोंदवू शकते की, चप्पल उंबरठ्याच्या आत आल्यानंतरच पट्टीवरचे आकडे हलू लागले.

पावसाळ्यासाठी दोन बदल केले. चपलेवरचा कापडी थर काढून टाकला, कारण तो ओला राहिला की बोटांमध्ये चिखल्या होतील, आणि गोणपाटाच्या खोळींऐवजी धुता येणाऱ्या रेक्झिनच्या खोळी शिवायला दिल्या. खुरपणीच्या दिवसांत बायकांना पंधरवड्याची तपासणी जमणार नाही, म्हणून पुढची तपासणी पोळ्यानंतर ठेवली आहे. तोपर्यंत ज्वारीचे दप्तर एका दिवसाआड पाठीवर घेतले जाते की नाही, हे गावातल्या आशाताई पाहणार आहेत.